कोकणात भोपळी मिरची: झाड हिरवंगार, फळाचा पत्ता नाही

ओटीवरची | ११ डिसेंबर, दुपारी ३:१२

मंडळी, डोंबिवलीतला गाशा गुंडाळून गेल्या वर्षी आम्ही दोघं गुहागरजवळच्या घरी कायमचे राहायला आलो. सासूबाईंच्या हाताखाली अळू, पडवळ, चवळी, वांगी सगळं शिकले. पण माझा हट्ट एकच, भोपळी मिरची. सासूबाई म्हणाल्या, "ती घाटावरची गो, तिला आपली हवा मानवायची नाही." मी म्हटलं, बघूया तरी.

जुलैत बी टाकलं. ऑगस्टअखेर १४ रोपं विहिरीशेजारच्या वाफ्यात लावली, तिथे आधी वांगी होती. आज ८ उरलीत. बाकीची ६ एकेक करून गेली, आणि गेली तीही विचित्र. सकाळी टवटवीत, दुपारी माना टाकलेल्या, संध्याकाळी पुन्हा जरा सावरलेली, असं तीन-चार दिवस चालून खलास. पानं पिवळी नाहीत, कीड दिसत नाही, हिरवंच्या हिरवं झाड मरतं. उरलेली आठ गुडघ्याच्या वर गेलीत, फुलं येतात आणि टपाटप गळतात. आजवर धरलेलं फळ एकच, लिंबाएवढं, आणि त्याचं बूड काळं पडून चामड्यासारखं झालंय.

किनाऱ्यालगत कुणाला घरची भोपळी मिरची खरोखर मिळाली आहे का? मिळाली असेल तर तिचं काय काय करता तेही लिहा. निदान वाचून पोट भरेल.

सागरगोटा | ११ डिसेंबर, दुपारी ३:४०

मिळाली आहे ना. दर बुधवारी, आठवडा बाजारात. (दिवे घ्या, गंमत केली.)

घाटमाथा | ११ डिसेंबर, संध्याकाळी ५:०५

ढब्बू मिरची म्हणायचं त्याला. भोपळी काय, ढोबळी काय! आणि सासूबाईंचं बरोबर आहे, ढब्बू आमचीच. :)

तिरफळ | ११ डिसेंबर, संध्याकाळी ६:२०

ढब्बू म्हणान पैसो असता, मिरची नाय. आमच्या मालवणात ती भोपळी मिरसांग.

येता ओ तायनू, सगळा येता. पण आमका गावता खय? गेल्या वर्षी चार झाडां लावलंय. जानेवारीत मुठीयेवढी मिरसांगां धरली. म्हटलंय उद्या काढूया. सकाळी बघतंय तर वांदर गडग्यार बसलेले. एकेक मोडतत, एक घास खातत, टाकतत, दुसरी मोडतत. टाकतत तां बघून जास्त राग येता.

कातळफूल | ११ डिसेंबर, रात्री ९:४८

ताई, तुमच्या एका धाग्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत, म्हणून गोंधळ झालाय. (दापोलीच्या विद्यापीठात शिकलो, आता राजापूरकडे आंबा-काजू आणि थोडी भाजी करतो.)

आधी मेलेली रोपं. हिरवं झाड दुपारी मान टाकतं, संध्याकाळी सावरतं आणि चार दिवसांत मरतं, हे जिवाणूजन्य मर रोगाचं लक्षण. आपल्या जांभ्याच्या आंबट मातीत, पावसाळ्याच्या ओल्या-गरम हवेत हा जिवाणू मजेत राहतो. वांगी, टोमॅटो, बटाटा, मिरची ही सगळी त्याची एकाच घरातली गिऱ्हाइकं. तुम्ही वांग्याच्या जागेवर मिरची लावलीत, म्हणजे त्याला मुक्काम हलवायचीही गरज पडली नाही.

खात्री करायची सोपी रीत आहे. पुढचं झाड माना टाकायला लागलं की बुडापासून वीतभर वरचा खोडाचा तुकडा धारदार सुरीने कापा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या आणि कापलेलं टोक जेमतेम पाण्यात बुडेल असं धरा. हात हलू द्यायचा नाही. दोन-तीन मिनिटांत टोकातून दुधासारखा पांढरट धागा खाली सरकताना दिसला तर मर रोग नक्की. पाणी स्वच्छच राहिलं तर बहुधा बुरशीची मूळकूज किंवा पाणी साचणं, त्याचा विचार वेगळा.

मर रोगाला औषध नाही. दुकानात कुणी बाटली दिली तर घेऊ नका. झाड मुळासकट उपटून, मातीसकट पिशवीत भरून बाहेर काढा, शेणखताच्या खड्ड्यात तर अजिबात टाकू नका. त्या वाफ्यात निदान तीन वर्षं या कुळातलं काही नको. चवळी, मका, भेंडी चालेल.

फुलं गळण्याचं आणि बुडाचं उद्या लिहितो, लाइट जायची चिन्हं आहेत.

निवळी | ११ डिसेंबर, रात्री १०:१५

पेल्यातला प्रयोग भारी आहे! वाचनखूण साठवली.

खारा_वारा | १२ डिसेंबर, सकाळी ७:३०

हर्णैला गच्चीवर सलग चार वर्षं घेतोय, तेव्हा येते हे नक्की. जमिनीत एकदाच लावली होती, ताईंच्यासारखीच सगळी गेली. तेव्हापासून पिशव्या. १२ इंची पिशवी, एक भाग माती (नदीकाठची, परसातली नाही), एक भाग जुनं शेणखत, एक भाग कोकोपीट. तळाशी नारळाची सोडणं, म्हणजे पाणी निथळतं. एका पिशवीत एकच झाड. आणि काठी लावायची विसरू नका. फांद्या काचेसारख्या मोडतात, दोन मिरच्यांच्या वजनाने अख्खी फांदी हातात आलेली आहे.

समुद्राकडच्या बाजूला शेडनेटचा पडदा. खारं वारं थेट लागलं तर पानांच्या कडा करपतात.

कातळफूल | १२ डिसेंबर, रात्री ८:५०

खारा_वारा यांना अनुमोदन.

आता फुलं. भोपळी मिरचीला रात्र कशी आहे याचं फार. रात्री १६ ते २० अंशांच्या आसपास असतील तर फळ धरतं. रात्र गरम राहिली किंवा दिवसा पारा ३२ च्या वर गेला की फूल देठातून सुटतं. तुमची झाडं ऑक्टोबरच्या उकाड्यात फुलावर आली, तेव्हा ती गळणारच होती. आपल्याकडे खरी गार रात्र मिळते ती डिसेंबर मध्यापासून फेब्रुवारी मध्यापर्यंत. झाड त्या दोन महिन्यांत फुलावर असलं पाहिजे, सगळा हिशोब तिथून मागे मोजायचा. आमच्या घरचं वेळापत्रक असं: गणपतीत बी, पत्र्याखाली, पाऊस लागणार नाही असं. दिवाळीच्या सुमारास रोप जागेवर. संक्रांतीला पहिली मिरची. जुलैचं बी घाटावर चालत असेल, आपल्याकडे नाही.

म्हणजे तुमची उरलेली आठ झाडं आत्ताच योग्य वेळेला आली आहेत. उपटू नका! युरिया मात्र बंद करा, घालत असाल तर. नुसती पानं वाढतात.

बुडाचा काळा डाग हा रोग नाही. चुन्याचा अंश फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून होतं. आपली माती आंबट आणि त्यात पाणी कधी भरपूर, कधी विसरलं, असं झालं की हमखास. पाणी रोज थोडं, बुडाशी पाचोळ्याचं आच्छादन. पुढच्या वेळी लावणीआधी दोन-तीन आठवडे मातीत चुना मिसळा, पण शेणखताबरोबर एकाच दिवशी नको, खतातला नत्र हवेत उडून जातो.

ओटीवरची | १२ डिसेंबर, रात्री ९:३०

कातळफूलदादा, युरिया घालत नाही पण कोंबडीखत घातलंय, तेही भरपूर. चूक कळली. अंड्याची टरफलं कुटून घालतेय, त्याने बुडाचं थांबेल ना?

कातळफूल | १२ डिसेंबर, रात्री ९:४१

टरफलं विरघळायला वर्ष जाईल. मिरचीला तेवढा वेळ नाही. पाण्याची वेळ सांभाळा, बरंचसं तेवढ्याने सुटतं.

जुनाट_मास्तर | १३ डिसेंबर, सकाळी १०:००

सूनबाईंच्या वतीने सासूबाईंना एक सांगू इच्छितो. मिरची घाटावरची नाही, ती आली समुद्रातूनच. तिचं मूळ घर अमेरिका खंड. पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागली. गोवा त्यांच्या हाती गेलं १५१० मध्ये, म्हणजे शिवकाळाच्याही आधीपासून हे पाहुणे किनाऱ्यावर आहेत. घाट ती नंतर चढली. त्याआधी आपल्या स्वयंपाकात तिखट म्हणजे मिरी आणि पिंपळी.

अवांतर वाढवतो. अल्बर्ट सेंट-ग्योर्गी हे हंगेरियन शास्त्रज्ञ क जीवनसत्त्व पुरेशा प्रमाणात मिळवण्याच्या खटपटीत होते. एका रात्री पत्नीने जेवायला ताज्या पापरिका मिरच्या वाढल्या. त्यांना खायच्या नव्हत्या, पण तसं सांगायचं धैर्य होईना. मग सुचलं की ही वनस्पती आपण तपासलेलीच नाही, आणि ताटातली मिरची घेऊन ते प्रयोगशाळेत गेले. त्यांनी स्वतःच सांगितलेली ही गोष्ट. सेगेद गावच्या त्या मिरचीतून जीवनसत्त्व किलोच्या मापाने निघालं, आणि १९३७ मध्ये नोबेल.

सागरगोटा | १३ डिसेंबर, सकाळी १०:२०

मास्तर, मी गेली वीस वर्षं ताटातली भोपळी बाजूला काढतोय. मला अजून काही मिळालं नाही.

निवळी | १३ डिसेंबर, दुपारी १:१०

एक शंका. तळाला तीन उंचवटे असलेली नर आणि चार असलेली मादी, चार वाली कच्ची खायला गोड, असा एक निरोप वॉट्सअपवर फिरतोय. माझी जाऊ बाजारात प्रत्येक मिरची उलटी करून बघते, भाजीवाला वैतागतो.

कातळफूल | १३ डिसेंबर, दुपारी १:५५

थाप आहे. मिरचीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, आणि फळ तयार होतं ते बीजांडकोशाचं. त्यात नर कुठून येणार? आत किती कप्पे तयार झाले त्यावर उंचवटे ठरतात, एकाच झाडावर तीनचीही मिळते, चारचीही. गोडी हवी असेल तर लाल झालेली घ्या. हिरवी आणि लाल एकच, हिरवी म्हणजे कच्ची. झाडावर आणखी तीनेक आठवडे ठेवली की रंगते. क जीवनसत्त्वही लालमध्ये जास्त.

तिरफळ | १३ डिसेंबर, दुपारी २:३०

तीन आठवडे झाडार ठेवा म्हणतत! वांदरांक आमंत्रण छापून द्या.

मोगरीची_आई | १३ डिसेंबर, संध्याकाळी ४:१५

तिरफळ :D

माझा अनुभव उलटा, मिरची मिळाली पण गोड नाही. परसात लवंगी मिरची होती, तिच्याजवळ भोपळीचं झाड. पहिल्या वर्षी छान गोड. त्याच झाडाच्या एका पिकल्या मिरचीचं बी ठेवलं आणि दुसऱ्या वर्षी पेरलं. फळं दिसायला जराशी लांबोडी, पण भोपळीसारखीच. लेकीने कच्चा तुकडा तोंडात टाकला आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा भोकाड पसरला. सासरे म्हणाले, शेजारच्या लवंगीचा वारा लागला.

कातळफूल | १३ डिसेंबर, संध्याकाळी ५:०२

सासऱ्यांचं अर्धं बरोबर. वारा नाही, मधमाशी. आणि संकराचा परिणाम त्या वर्षीच्या फळावर होत नाही, बियांत साठतो. तिखटपणाचा गुण जोरकस, गोडेपणाचा दबलेला, त्यामुळे आईबापांपैकी एक तिखट असलं तरी पोर तिखट निघतं. शिवाय दुकानातलं संकरित बी धरून ठेवलं तर तसंही मूळ झाडासारखं उगवत नाही. बी ठेवायचंच तर सरळ वाण घ्या, 'कॅलिफोर्निया वंडर' किंवा बंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेचे 'अर्का' मालिकेतले. 'अर्का गौरव' मर रोगालाही बऱ्यापैकी दाद देत नाही. फुलावर येण्याआधी एका फांदीला मलमलची पिशवी बांधा, आत जी धरेल तिचंच बी.

आणि तिखट बियांत नसतं, बिया ज्याला चिकटतात त्या पांढऱ्या गाभ्यात असतं. बुलबुल लवंगी मटामटा खातात कारण पक्ष्यांना ते झोंबतच नाही. आपल्याला आणि वांदरांना झोंबतं. म्हणून ते तुमची लवंगी सोडतात, भोपळी नेतात.

तिरफळ | १३ डिसेंबर, संध्याकाळी ५:२०

म्हणजे भोपळीच्या भोवती लवंगी लावूची?

सागरगोटा | १३ डिसेंबर, संध्याकाळी ५:२२

आणि पुढच्या वर्षी मोगरीच्या आईच्या लेकीसारखं भोकाड पसरायचं.

सोडेवाली | १४ डिसेंबर, सकाळी ११:३०

सगळे रोगराईवर बोलतायत, ताईंनी जेवणाचंही विचारलं होतं. मी अलिबागची. किनाऱ्यावरची घरची मिरची बाजारातल्यासारखी टपोरी होत नाही, ही तक्रार मी करणार नाही, कारण भरायला लहानच हवी.

मूठभर सोडे (सुकवलेली सोललेली कोळंबी) गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवायचे, पिळून बारीक चिरायचे. ते पाणी फेकायचं नाही. तेलावर लसूण ठेचून, मग कांदा, कांदा गुलाबी झाला की सोडे. हळद, घरचा मसाला, अगदी शेवटी ओलं खोबरं आणि कोथिंबीर. मीठ चाखूनच, सोड्यांना अंगचं असतं. मिरचीचं डोकं देठासकट टोपीसारखं कापायचं, गाभा काढायचा, सारण भरायचं, टोपी परत बसवायची. पसरट पातेल्यात एकमेकींना टेकून उभ्या ठेवायच्या, आडव्या झाल्या तर सारण बाहेर येतं. ते सोड्यांचं पाणी दोन आमसुलं घालून बुडाशी ओतायचं. वरच्या ताटलीत पाणी, मंद आच. मिरचीच्या अंगावर सुरकुत्या पडल्या की झालं. तांदळाच्या भाकरीबरोबर.

ताजी करंदी मिळाली तर तीही चालते, पण मला सोड्यांचीच आवडते.

निवळी | १४ डिसेंबर, दुपारी १२:०५

आमच्याकडे शाकाहारी, त्यामुळे पीठ पेरून. बेसन आधी कोरडं खमंग भाजून घेतलं की चिकट होत नाही. मिरची अर्धी शिजल्यावर पीठ भुरभुरायचं, पाण्याचा हबका, झाकण. चिमूटभर साखर.

घाटमाथा | १४ डिसेंबर, दुपारी १२:३०

साखर?!

निवळी | १४ डिसेंबर, दुपारी १२:३१

चिमूटभर.

घाटमाथा | १४ डिसेंबर, दुपारी १२:४०

आमच्याकडे दाण्याचं कूट, कांदा-लसूण चटणी आणि तीळ. साखर चहात.

खारा_वारा | १४ डिसेंबर, रात्री ८:१०

भांडू नका. मी करतो ते सगळ्यांना चालेल, भरीत. लाल झालेली मिरची चुलीच्या निखाऱ्यावर ठेवायची, ज्वाळेवर नाही. कातडी तडतड फुटते, आतलं पाणी कडेने खदखदायला लागतं, त्या वेळचा वास वांग्याच्या भरतासारखा नसतो, किंचित गूळ जळाल्यासारखा येतो. सगळीकडून काळी झाली की झाकणाच्या डब्यात दहा मिनिटं. मग कातडी बोटाने सरकते. नळाखाली धरून धुवायची नाही, धुतली की चव मोरीत गेली. कुस्करून त्यात मीठ, बारीक कांदा, आणि दह्याऐवजी नारळाचं जाड दूध. वर मोहरी-हिंगाची फोडणी, गार करून.

जुनाट_मास्तर | १५ डिसेंबर, सकाळी ९:१५

आमच्या आईच्या हातचं भोपळी मिरचीचं पंचामृत आठवलं. चिंच, गूळ, तिळाचं कूट, खोबऱ्याच्या कातळ्या. लग्नाच्या पंगतीत चमचाभर वाढायचे, मी वाढप्याच्या मागे मागे जायचो.

ओटीवरची | १५ डिसेंबर, संध्याकाळी ७:५०

प्रयोग केला. आज दुपारी नववं... म्हणजे आठातलं एक झाड माना टाकून उभं होतं. खोड कापलं, पेला ओटीच्या कठड्यावर ठेवला, मी खोड धरलं आणि हे टॉर्च धरून उभे. एक मिनिट काही नाही. दुसऱ्या मिनिटाला टोकातून अगदी बारीक, अगरबत्तीच्या धुरासारखा पण खाली जाणारा पांढरा धागा सुटला, आणि तळाशी पोचता पोचता मोडला. सासूबाई मागून बघत होत्या. म्हणाल्या, "वांगी पण अशीच जायची. आम्ही म्हणायचो नजर लागली."

झाड मातीसकट काढलं. बाकीच्या सातांना कोंबडीखत बंद, पाचोळा घातलाय. शिवाय रोपवाटिकेतून चार रोपं आणून पिशव्यांत लावली, सोडणं घालून.

कातळफूल | १५ डिसेंबर, रात्री ९:००

नजरच ती, फक्त जिवाणूची. पिशवीतल्या रोपांचं अगदी पहिलं, दुबेळक्यातलं (खोडाला दोन फांद्या फुटतात तिथलं) फूल खुडून टाका. जीव कालवतो, पण झाड आधी अंग धरतं. पानं वर वळून वाट्यांसारखी व्हायला लागली तर फुलकिडे समजा. संध्याकाळी लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल, थोडं साबणाचं पाणी घालून, पानांच्या मागल्या बाजूने. आणि खोड कापलेली ती सुरी उकळत्या पाण्यातून काढा.

सागरगोटा | ६ फेब्रुवारी, सकाळी ८:४५

धागा वर काढतोय. ओटीवरची ताई, संक्रांत होऊन गेली. मिरची?

ओटीवरची | ६ फेब्रुवारी, दुपारी ४:३०

सांगणारच होते. जमिनीतल्या सातांपैकी आणखी तीन गेली. उरलेल्या चारांनी जानेवारीत, ते चार-पाच दिवस पहाटे शाल लागत होती ना, त्यानंतर एकदम फळ धरलं. मोजून १९. मुठीपेक्षा लहान, एक-दोन वेड्यावाकड्या, पण बूड एकीचंही काळं नाही. पिशवीतल्या चारांवर आत्ता कुठे बोरांएवढी आहेत, उशिरा लावली त्याचा परिणाम. सगळ्या झाडांवर मासे सुकवायची जुनी जाळी पांघरली आहे. वांदर येतात, गडग्यावर बसतात, बघतात, जातात.

पहिल्या सहांचं सोडेवाली ताईंसारखं केलं. उभ्या राहीनात म्हणून मध्ये बटाट्याचे काप खोचून बसवले, तेच जास्त संपले. दोन लाल होऊ दिल्या, त्यांचं सासूबाईंनी कुणाला न विचारता पंचामृत केलं. मास्तर, तुमची आठवण काढली.

बी कधी, कुठे, ते मी गणपतीत बघणार होते. पण काल सासूबाई गोठ्यामागच्या कातळाशेजारची जागा झाडत होत्या. तिथे कधीच वांगी नव्हती म्हणे. चुन्याची पुडी आणायला सांगितली आहे.

तिरफळ | ६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:००

ती जाळी खय गावता ता सांगा आधी.

सागरगोटा | ६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:१२

म्हणजे बुधवारचा बाजार सुटला तुमचा.

ओटीवरची | ६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४०

कसला सुटतोय, कांदे कोण आणणार? तिरफळ, जाळी बंदरावरून आणली, फाटकी होती म्हणून फुकट दिली. वास मात्र आठवडाभर जात नाही.